गेणबाचा डावा कान

"निरगुडीची फोक आता पहिल्यासारखी राहिली नाही. दोन पोरांतच मोडते मेली," हैबत कुरकुरला. कुडाला पाठ लावून तो फोकेची साल सोलत होता आणि कुडाच्या अलीकडे मी भाकरी थापत होते.

"पोरं दणकट झाली असतील," मी म्हटलं.

"अक्का, तू भाकरी बघ."

हैबत माझा धाकटा भाऊ, रिहे गावच्या शाळेचा मास्तर. शाळा म्हणजे देवळाला लागून एक पडवी, पडवीमागे कूड आणि कुडामागे आमची चूल. नवरा गेल्यापासून मी त्याच्याकडेच होते. पोरं पाढे ओरडायची, ते ऐकून मीही शिकले. चुकलं तर मला मारायला कुणी नव्हतं, म्हणून असेल, लवकर शिकले.

त्याच्या शाळेत एक रीत होती. मास्तरानं सवाल घालायचा. ज्याला येत नाही त्यानं उभं राहायचं. ज्याला येतं त्यानं उठून उभ्या असलेल्याच्या मुस्काटात द्यायची. हळू दिली, तर कशी द्यायची ते मास्तर दाखवणार, देणाऱ्याच्याच गालावर. हैबत स्वतः असाच शिकला होता, म्हणून त्याला त्यात काही वावगं दिसत नसे. मला कुडातून एवढंच दिसे, की शाळेत कुणाचं कुणाशी धड नाही. हुशार पोराला बाकीचे सुट्टीत ओढ्यावर गाठून बुकलायचे. दुसऱ्या दिवशी ते पोर दात खाऊन आणखी जोरात द्यायचं.

कोंडाजी पाटलाचा गेणबा रोज उभा. पूर्वी बरा होता. आषाढात शाळा बुडवली आणि परत आला तो असा. सवाल विचारला की नुसता बघायचा. निमूट मार खायचा आणि मधेच उसळून हाताला लागेल त्याला चावायचा. एकाच्या मनगटाचा लचका काढला, दुसऱ्याच्या डोक्यात पाटी फोडली. हैबत त्याला ठोंब्या म्हणे आणि फोका त्याच्यावरच जास्त मोडत.

भात निघालं, खाचरांत खतासाठी धनगरांची मेंढरं बसली आणि तानूबाई धनगरणीनं आपला धुळा शाळेत आणून सोडला. वास येतो म्हणून त्याला कुणी शेजारी बसू देईना. जागा रिकामी होती ती गेणबाच्या शेजारी. तिथं बसायला कुणाची छाती नव्हती. बसल्या बसल्या गेणबा धुळ्याच्या दंडाला चावला. धुळ्यानं हात ओढून घेतला नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी तसाच बसला आणि दातांतून हात सुटल्यावर म्हणाला, "झालं? आता सरक वाईच."

चार-दोन दिवसांनी धुळा उठून गेणबाच्या उजव्या अंगाला जाऊन बसला. हैबतनं सवाल घातला की तो गेणबाच्या गुडघ्याला हात लावी आणि कानाशी काहीतरी पुटपुटे. आणि गेणबा बोलला. चुकत, अडखळत, पण बोलला!

पाणी प्यायला आला तेव्हा मी धुळ्याला धरलं. "उत्तर सांगतोस ना रे त्याला?"

"न्हाई अक्का. सवालच सांगतुया. डाव्या अंगानं त्याला ऐकू येत न्हाई, उजव्यानं बी जवळनंच येतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"कोन सांगंल? हाका मारल्या तवा कळलं."

"कशानं झालं असं?"

धुळा तांब्यात बघत राहिला. "त्ये तुमी मोट्या मानसांनी इचारा."

मी हैबतला सांगितलं. "सोंगं आहेत," तो म्हणाला. पण त्या दोघांना वेगळं बसवलं नाही. दुपारी मी दोघांना चुलीपाशी जेवायला घालू लागले. ते भाकरीवरून भांडायचे, हसायचे. पोरं तसा एकमेकांना मार देतच होती, पण लचका कुणाचा निघाला नाही. मला वाटलं, आता निभावलं.

मग एक दिवस पोराची प्रगती बघायला कोंडाजी पाटील शाळेत आला. घोंगडीवर बसला आणि म्हणाला, "मास्तर, धनगराच्या मांडीला मांडी लावून माझं पोरगं? उठवा त्याला." हैबतनं धुळ्याला पार खांबाकडे बसवलं आणि गेणबाला पाढ्यातला सवाल घातला. गेणबा उठला आणि नुसता बघत राहिला.

"धुळा, सांग."

धुळ्यानं सांगितलं.

"दे."

धुळ्यानं गेणबाच्या गालाला नुसती बोटं लावली. हैबतनं त्याला अशी दिली, की तो भुईवर आपटला.

"पुन्हा!"

तोंडातलं रक्त पुसत धुळा उठला. "न्हाई मारनार, मास्तर. त्याला ऐकू येत न्हाई."



"काय म्हनला?" कोंडाजी उठला. "पाटलाचं पोर भैरं?" त्यानं हैबतच्या हातातली फोक ओढून घेतली. "मग तूच हानून हानून केलंस त्याला भैरं! माज आलाय व्हय रं?" फोक पाठीवर मोडली, तशी त्यानं कोपऱ्यातला दंडुका उचलला. धुळ्यानं डोक्यावर हात धरला. हाड मोडल्याचा आवाज मला कुडापर्यंत ऐकू आला. गेणबा बापावर झेपावला आणि त्याच्या पोटरीला कडकडून चावला. कोंडाजीनं त्याला झटकून खांबावर फेकला.

पोरांचा आरडाओरडा ऐकून माणसं जमली. खाचरातून तानूबाई धावत आली आणि धुळ्यावर आडवी पडली.

"आज सांजच्या आत मेंढरं उठवायची," कोंडाजी धापा टाकत म्हणाला. "ह्ये पोरगं परत शाळेत दिसलं, तर पाय तोडीन. मास्तर, सांगा ह्या लोकांस्नी. कान ह्यानंच फोडला का न्हाई?"

हैबतनं माझ्याकडे पाहिलं, मग भुईकडे. "पोरं मारतात एकमेकांना. झालं असेल."

मी कुडामागून बाहेर आले. "हैबत, धुळा यायच्या आधीच त्याला ऐकू येत नव्हतं. धुळा आला म्हणून तर तो बोलला."

"बाईमानसानं चुलीपाशी ऱ्हावं," कोंडाजी म्हणाला. "मग कुनी फोडला? सांग की. तू सांग. कुनीबी सांगा!"

मला माहीत नव्हतं. पण जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि त्यांना माहीत आहे हे मला कळलं. कुणी पागोटं सारखं केलं, कुणी पायानं माती उकरली. कोंडाजीच्या शेजारच्या घरचा म्हातारा देवळाच्या कळसाकडे बघत होता. तानूबाई धुळ्याचा मोडलेला हात मांडीवर घेऊन सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि एकही तोंड उघडेना.

कोंडाजीची बायको रंभाबाई नवऱ्याची न्याहारी घेऊन आली होती. मघापासून ती कडेला, पदर तोंडावर ओढून उभी होती. तिनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं. चार पुरुषांच्या मधून आली, खांबाशी पडलेल्या गेणबाला उठवलं आणि त्याचं डोकं आपल्या छातीशी धरलं, डावा कान लोकांकडे करून.

"रंभे, घरी जा," कोंडाजी म्हणाला. दंडुका अजून त्याच्या हातात होता.

तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"आषाढात, आवनीच्या वक्ताला ह्याच्या हातनं बैल सुटून रोपात शिरला, तवा तुमी ह्याला जुवाची लाकडी शिवळ काढून कानावर हानली," ती म्हणाली. "रातभर मी रगत दाबून धरलं व्हतं. गाव ऐकत व्हतं. कान तुमी फोडला."