पॅडवर उमटलेलं नाव

मित्रांनो, मी म्हणजे एक जुना पॅड. परीक्षेत तुम्ही कागदाखाली घेता ना, तोच. माझे कोपरे झिजलेत, चिमटा गंजलाय, पण पकड अजून घट्ट आहे. उगाच कमी लेखू नका.

उल्हासनगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तयार झालो. डी.एड.ला शिकणाऱ्या दोन मैत्रिणी दुकानात आल्या. मी एकटाच शिल्लक होतो, म्हणून दोघींनी मिळून मला घेतलं आणि कर्कटकाच्या टोकानं माझ्या पाठीवर दोन नावं कोरली. शलाका आणि भागीरथी. आई गं, काय दुखलं होतं! पण तेव्हापासून मी कुणाचा तरी झालो.

पुढे शलाकाला कुळगावच्या शाळेत नोकरी लागली आणि मी तिच्याकडे राहिलो. भागीरथी त्याच गावात आईजवळ राहून शिकवण्या घ्यायची. आता शलाकाला सगळे बाई म्हणतात, मीही म्हणतो. सहलीची यादी असो की गुणपत्रक, बाईंना मी लागायचोच. "हा पॅड म्हणजे माझा उजवा हात," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. मी फुगून जायचो.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. जोर देऊन लिहिलं, की अक्षरं कागदातून खाली माझ्या अंगावर उमटतात. उजेडात मला तिरकं धरा, दिसतील. त्यातली काही अक्षरं मला स्वस्थ बसू देत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी भागीरथी आजारी पडली. तेव्हा नेमकं निवडणुकीचं काम आलं होतं. बाई प्रशिक्षणाला बसल्या होत्या, मांडीवर मी. भागीरथीचा फोन आला. "येतेस ना गं?"

"निवडणूक उरकू दे, लगेच येते बघ," बाई म्हणाल्या.

निवडणूक उरकली, पण मतदानाच्या आदल्या दिवशीच भागीरथी गेली. अंत्ययात्रेत बाई सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. तिच्या आईसमोर, म्हणजे कौसाबाईंसमोर, त्या गेल्याच नाहीत.

मतदार यादीचं काम बाईंकडेच असतं. घरोघर जायचं, कोण राहतं, कोण सोडून गेलं, कोण वारलं ते विचारून लिहायचं. भागीरथीचं नाव त्याच यादीत आहे. दर वर्षी बाई तिच्या इमारतीच्या जिन्याशी येत, वर बघत आणि तिच्या नावापुढे लिहीत, 'दार बंद'. तीन वर्षं, तीन वेळा. जिना एकदाही चढल्या नाहीत. मी हातातच होतो, मला कोण फसवणार? त्यांच्या पेनाखाली भागीरथी जिवंतच राहिली होती, आणि मला तिची भीती वाटू लागली होती.

गेल्या आठवड्यात मात्र सगळं एकदम अंगावर आलं. रविवारी अंबरनाथ पूर्वेच्या विहारात बाई पांढरी साडी नेसून वंदना सांगत होत्या. मी पिशवीत, त्यांच्या गुडघ्याशी. चौथ्या शीलाशी, म्हणजे खोटं बोलणार नाही म्हणायच्या जागी, त्यांचा आवाज अडकला. मागच्यांनी ते वाक्य पुरं केलं. सोमवारपासून शाळा, शाळा सुटली की घरं, संध्याकाळी विहारात वाचन. घास गिळायला फुरसत नाही. बुधवारी त्यांची सहकारी राजसी यादी चाळता चाळता म्हणाली, "काय गं, या घराचं दार तीन वर्षं बंद? शनिवारी संध्याकाळी यादी द्यायची, तेव्हा साहेबांनी विचारलं तर काय सांगशील?"

बाईंनी यादी मिटून पिशवीत टाकली. शुक्रवारी पौर्णिमा होती. उपोसथ, म्हणजे शील पाळायचा व्रताचा दिवस होता. दिवसभर त्यांनी पेन उघडलं नाही, आणि मी त्यांच्या मांडीवर कोराच.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या जिन्याशी आल्या, थांबल्या, आणि चढल्या. मला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं, की चिमटा त्यांना रुतत असेल. दार सताड उघडं होतं.

"ये शलाका," कौसाबाई म्हणाल्या. "दार कधी बंद होतं गं माझं? तिन्ही वेळेला वरून बघितलं मी तुला. गुडघे धड असते ना, तर खाली येऊन हाताला धरून आणलं असतं."

"आई, मी तेव्हा आले नाही..."

"नाही आलीस. शेवटपर्यंत वाट बघत होती ती. खोटं कशाला सांगू तुला?"

बाई रडल्या. कौसाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग मृत्यूचा दाखला पुढे ठेवला, नाव कमी करायच्या अर्जावर सही केली. "यादीत आता तूच लिही. दुसऱ्या कुणाच्या हातचं मला नको."

बाईंनी लिहिलं, 'मयत'. इतका जोर दिला, की तीन वेळच्या 'दार बंद'वर ती अक्षरं माझ्या अंगात रुतली. कौसाबाईंनी मला उलटं केलं, पाठीवरच्या नावांवरून बोट फिरवलं. "हे मात्र राहू दे हं."

"राहील, आई."

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, तलवार करून खेळू नका, अजून बरीच वर्षं काम करीन. अंगावरची ती अक्षरं आता जायची नाहीत, ती मी सोसतो. तुम्ही एवढंच करा. 'येतेस ना' असं कुणी विचारलं, तर काम उरकायची वाट बघू नका. आणि उशीर झालाच, तरी जिन्याशी थांबू नका. वर जा.