वॉर्डातल्या खुर्चीला लागलेला घोर

मी एक जुनी कमोडची खुर्ची आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! ज्याला संडासापर्यंत चालवत नाही, त्याला विचारा माझी किंमत.

उमरग्याकडच्या एका दवाखान्यात माझी नऊ वर्षं गेली. वॉर्डातल्या सत्यभामा मावशींचा माझ्यावर भारी जीव. ब्लिचिंगच्या पाण्यानं माझे पाय गंजतात, म्हणून करोनापासून त्या मला सॅनिटायझरनंच पुसायच्या. मी अशी लखलखायचे की डॉक्टर अस्मितासुद्धा म्हणायच्या, "वा, मावशी!" मीही फुगून बसायचे.

मग वॉर्डातले मुरुमचे रेवणप्पा जुलाबांनी बेजार झाले आणि सारखे माझ्यावर बसू लागले. ते घरी गेले आणि सास्तूरच्या तुळजाबाई आल्या. त्यांचा न्यूमोनिया उतरला, दोन दिवसांत सुट्टी मिळणार होती. तेवढ्यात जुलाब सुरू झाले. दिवसातून पंधरा-पंधरा वेळा त्यांना माझ्यावर बसवावं लागे. रोज त्या आदल्या दिवसापेक्षा हलक्या लागायच्या. ही बाई हातची जाते की काय, या विचारानं मी धास्तावले.

वॉर्डात कुजबुज सुरू झाली, घरच्या डब्यानंच बाधलं असणार. त्यांची सून हर्षाली रडवेली झाली. "घरात आमी सगळे त्योच स्वयंपाक खातो. कुणालाच काय झालं न्हाय. मग आत्याबाईंनाच कसं?"

"भांडू नका," डॉक्टर अस्मिता म्हणाल्या. "कुठून आले ते जंतूच सांगतील."

त्यांनी तुळजाबाईंच्या शौचाचा नमुना घेतला, रेवणप्पांचा ठेवलेला होताच. माझ्या सीटवरून आणि हातांवरूनही ओला बोळा फिरवला. सगळं पुण्याच्या प्रयोगशाळेत गेलं. जंतूंचीही घराणी असतात म्हणे. जनुकं तपासली की कोण कुणाच्या घराण्यातला ते कळतं. मित्रांनो, ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. माझ्यावरचे जंतू निराळे निघू देत, एवढंच मी तुळजाभवानीला विनवत होते.

अहवाल आला. तिन्ही नमुन्यांतले जंतू एकाच घराण्यातले निघाले. रेवणप्पांकडून माझ्यावर आणि माझ्यावरून तुळजाबाईंच्या पोटात.

"पण मावशी तर रोज पुसत व्हत्या की!" हर्षाली म्हणाली.

"या जंतूंच्या बीजांना टणक कवच असतं. सॅनिटायझरनं ती मरत नाहीत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "खुर्चीला ब्लिचिंगच हवं आणि हातांना साबण-पाणी."

मावशींनी हातातली सॅनिटायझरची बाटली खाली ठेवली. "म्या खुर्ची जपली, डॉक्टर, अन् माणसं..." मलाही फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी औषध बदललं होतं. तुळजाबाई हळूहळू सावरल्या. घरी निघाल्या त्या दिवशी त्यांची चार वर्षांची नात अक्षरा दारातून धावत आली. तिला जवळ घेण्याआधी तुळजाबाई माझ्याकडे वळल्या. "लई सोसलंस गं माझं," म्हणत त्यांनी माझ्या हाताला हात लावला आणि नमस्कारासाठी तोच हात तोंडाकडे नेला. मला अजून धुतलं नव्हतं! माझा जीव कासावीस झाला, पण ओरडणार कशी?

मावशींनी तो हात मध्येच धरला. "आजी, आधी साबण."

मित्रांनो, माझ्या पाया पडू नका. मला बोलता येत नाही आणि मावशी काही दरवेळी जवळ नसतात. आधी हात धुवा, मग नातीला उचला.