मुरीची भक्ती

मुरी म्हणजे आमच्या ओढ्यातली बोटाएवढी, अंगावर पट्टे असलेली मासोळी. वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या आडोशाला राहते आणि वाहून जाऊ नये म्हणून सदा धारेकडे तोंड करून असते. आता ओढ्याची धार महादेवाच्या देवळाकडून येते, यात तिचा काही दोष नाही.

पण पुजारी चिंतामण महाराजांना एका सोमवारी साक्षात्कार झाला. "पाहा, मासे महादेवाचं दर्शन घेऊन राह्यले!" झालं. पार धामणगाव बढ्यापासून माणसं येऊ लागली. ज्या महाराजांना कालपर्यंत कुणी रामराम घालत नव्हतं, त्यांच्या पाया पडायला रांग लागली. महाराज आशीर्वाद देताना डोळेही मिटू लागले. मला त्यांचा संताप यायचा. पण पाया मीही पडलो.

सरपंच कडूबांना हे बघवेना. भाविकांना मासे नीट दिसावेत म्हणून त्यांनी देवळाच्या खालच्या अंगाला ओढ्यावर बांध घातला, जेसीबीने गोटे उचलून नेले आणि स्वतःच्या नावाची पाटी लावली. पाणी तुंबलं, धार थांबली. मुऱ्या वाटेल तिकडे वळल्या. काहींनी तर महादेवाकडे शेपूट केलं. चार-दोन दिवसांत त्या वर येऊन तोंड वासू लागल्या, काही मेल्याही.

मग कडूबांनी आपल्या मळ्यातल्या विहिरीवरून पाइप टाकला आणि मोटर चालू केली. धार पडताच उरलेल्या साऱ्या मुऱ्या गर्रकन वळल्या, थेट कडूबांच्या मळ्याकडे.

गर्दीतल्या एकाने पाइपाला हात जोडले. कडूबांनी टोपी सारखी केली. उद्यापासून रांग कुठे लागणार हे ओळखून महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे येड्याहो," ते ओरडले, "मासा कोनाचं दर्शन घेत नसते! जिकडून पानी येते तिकडे तोंड करते! बांध फोडा, नाही तर मरतीन बिचारे!"

जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून खरं ऐकलं.

कडूबा शांतपणे म्हणाले, "मंग महाराज, महादेवाकडे काऊन पाह्यत होते थे?"

सारं गाव महाराजांकडे बघू लागलं. "तवाही धारेकडेच," एवढं म्हणाले असते, तर बांध त्याच दिवशी फुटला असता. पण मग रांगही मोडली असती. महाराजांनी एकदा देवळाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग पूजेच्या ताटातला नारळ उचलला आणि पाइपापुढे फोडला.