बाजारच्या दिवशीची हळद

आमची जीप पाणी पिऊ लागली तेव्हा सागर म्हणाला, "माय, इंजिनाचं हेड गेलं. आता भंगारातच देऊ." पोरगा माझाच, पण त्याला गाडी म्हणजे नुसतं लोखंड दिसतं. या जीपमध्ये वांग्यांचे कट्टे भरता भरता माझं अर्धं आयुष्य गेलं. सागरच्या बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, त्यांच्या हातची एवढीच वस्तू दारात उरली होती. मी ठणकावलं, गोपाल मिस्त्रीनं पाहिल्याशिवाय जीप हलणार नाही.

मिस्त्री अकोल्याच्या जुन्या शहरातून सकाळीच आला. गाडीखाली वाकून पाहिलं, जमीन कोरडी, म्हणजे गळती नव्हती. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून त्यानं गाडी चालू करायला लावली आणि आत पाण्याकडे बघत राहिला.

"बुडबुडे नाई. हेड चांगलं हाये."

मी सागरकडे असं पाहिलं, की तो मोबाइलमध्येच शिरला.

गाडी तापल्यावर मिस्त्रीनं ती बंद केली आणि रेडिएटरला हात लावून पाहिला. वर चटका, खाली गार. "आतून चोक झाला. पानी फिरूनच नाई राहिलं, उकळून झाकणातून जाऊन राहिलं. साफ केलं की चालते." निवल्यावर त्यानं खालचा नळ सोडला, तर पिवळा गाळ आला.

"माणिकवहिनी, हे काय टाकलं?"

"हळद. सागरचे बाबा गेल्यापासून मीच, दर बाजारले मूठभर. ते टाकत होते ना, गळती बुजायले."

"गळती त मी बारा वर्षांआधीच झाळून बंद केली! तवाच शालिकभाऊले बजावलं, आता हळद टाकसान त रेडिएटर जाईन. त्यायनं चिमूटभरही नाई टाकली, नाई त कधीच चोक झाला असता. हा सारा गाळ तुमचा हाये."

मी ओट्यावर बसले. मग दर बाजारच्या पहाटे हाक कशाची यायची? "सागरची माय, चिमूटभर हळद आन वो!" मी करवादत, पदराला हात पुसत बाहेर यायची. हळद घेऊन ते बोनेटआड वाकायचे. मग हळूच विचारायचे, गुडघा दुखते का, रात्री झोप लागली का. घरात, सासूबाईंसमोर, हा माणूस माझ्याशी कधी दोन शब्द धड बोलला नाही.

मला रडू आवरेना. दहा वर्षं ते विचारत राहिले, आणि मी दर वेळी एकच म्हणायची, "झालं ना? निघा आता, उशीर होऊन राहिला."