चव्वेचाळीस पायऱ्या

आत्याला भाचा एकच, पण ती ज्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, तिथल्या मालकापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. पाय लहानपणापासून अधू, जीभ मात्र ठणठणीत.

चाकाच्या खुर्चीसकट बसमध्ये चढायचं तर खास पास लागायचा, आणि तो मिळायचा कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पायऱ्या चव्वेचाळीस. ही अक्कल कोणाची, ते कुठल्याच फायलीत सापडत नाही.

मागच्या वर्षी दोन शिपायांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. मधल्या वळणावर दम खायला त्यांनी तिला टेकवलं, तर एका गृहस्थाने आपली छत्री बिनदिक्कत तिच्या मांडीवर ठेवली आणि वाकून चपलेचा पट्टा लावला. त्या दिवशी घरी येऊन ती रडली, आणि रडून झाल्यावर चिडली. शेंडी तुटो वा पारंबी, पुन्हा उचलून घ्यायचं नाही. पासची खिडकी तळमजल्यावर आणा, असे तिने वर्षभरात चार अर्ज केले. चारही अर्ज विचाराधीन होते.

यंदा पास शनिवारी संपत होता. पास नाही तर बस नाही, बस नाही तर काम नाही. गुरुवारी ती जिन्याखाली थांबली आणि वहिनीला अर्ज घेऊन वर धाडलं. थोड्या वेळाने कारकून कठड्यावरून डोकावला.

"आत्या, सही माझ्यासमोर लागते. पाठवू का दोघांना उचलायला?"

"तुम्हीच या की समोर. कुठल्या मजल्यावर, ते नियमात नाहीये."

कारकून माणूस वाईट नव्हता, फक्त जड होता. धापा टाकत उतरला आणि हळूच म्हणाला, "करा सही. तुमच्यापुरता दर वर्षी येत जाईन मी खाली. फक्त कुठे बोलू नका."

"घ्या ना वन्सं, आयतं आलंय," वहिनी कुजबुजली.

आत्याने पेन उघडलं. मग टोपण परत लावलं.

"माझ्यापुरतं नको."

"अहो, परवा पास संपतोय."

"माहीत आहे गं," आत्या म्हणाली आणि तिने खुर्ची दाराकडे वळवली.

शुक्रवारी ती आली ती अकरा जणांना घेऊन. कुबड्यांवरचे मास्तर होते. बहिरा शिंपी होता. वरून नावाचा पुकारा व्हायचा, त्याला तो ऐकू यायचा नाही, आणि दोनदा त्याचा नंबर हुकला होता. सगळे जिन्याखाली बसले. वहिनी एकेक अर्ज वर पोचवायची आणि कारकून एकेका सहीसाठी खाली यायचा. शिक्का वर, रजिस्टर वर, माणसं खाली. त्याच्या नाकी नऊ आले. पाचव्या फेरीला तो शेवटच्या पायरीवर बसला आणि गुडघे चोळू लागला.

"आत्या, जीव घेणार तुम्ही माझा."

"जीव ठेवा तुमच्याजवळ. टेबल तेवढं आणा."

नाही म्हणता म्हणता तो हसलाच. मग उठला आणि जिन्याशेजारची मोडक्या खुर्च्यांची खोली त्याने उघडली. शिपायांनी टेबल मांडलं, रजिस्टर आलं, शिक्का आला. अडगळीत एक फळा निघाला, त्यावर शिंप्याने खडूने ठसठशीत नंबर लिहायला सुरुवात केली.

वरची शांतता पाहून साहेब खाली आले.

"हे कोणाच्या परवानगीने?"

वीस वर्षं 'हो साहेब' म्हणत आलेला कारकून उभा राहिला. "माझ्या गुडघ्यांच्या, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, अकरा तोंडांकडे पाहिलं. "तात्पुरतं हं," एवढं बोलून ते निघून गेले. साडेचारला आत्याच्या हातात पास होता.

पण त्या 'तात्पुरतं'ने तिची दोन दिवस झोप उडवली. तात्पुरत्या गोष्टींचं काय होतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. सोमवारी राहवेना म्हणून तिने जेवणाच्या सुट्टीत कचेरी गाठली. टेबल जागेवर होतं. दाराच्या उंबऱ्याला नवी फळी ठोकून उतार केला होता. आत नऊ माणसं होती.

"नंबर घ्या आणि थांबा," कारकून मान वर न करता म्हणाला.

कोणी तिला उचलायला धावलं नाही. यांना आधी सोडा, असंही कोणी म्हणालं नाही. आत्याने दहावा नंबर घेतला आणि खुर्ची रांगेत लावली. तिला इतका आनंद झाला की हसू लपवता येईना.

"तुमचं काय काम आहे?" पुढच्या बाईने विचारलं.

"काम काही नाही हो," आत्या म्हणाली. "रांगेत आहे."