बिरदेवाच्या माळावरचा शेवटचा नळ

सव्वीस जानेवारीची जिलबी त्या वर्षी खडकमाळात ग्रामसभा सुरू होण्याआधीच संपली. एवढी माणसं सभेला येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. एरवी गणपूर्तीसाठी पंचायतीचा शिपाई सह्या मागत दारोदार फिरायचा. त्या दिवशी चावडीच्या पायऱ्या भरल्या, शाळेचं मैदान भरलं आणि रस्त्याकडेला उभी असलेली उसाची रिकामी ट्रॉलीही बायकांनी भरून गेली. बारामतीहून इंदापूरकडे निघालेल्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी हळू करून विचारलं, "कुणाचं लगीन हाय रं?"

"नळाचं!" ट्रॉलीतून एक म्हातारी ओरडली आणि सगळी ट्रॉली हसली.

१९९६ साल होतं. आदल्या वर्षी सरपंचपद पहिल्यांदाच बाईसाठी राखीव झालं आणि बिरदेवाच्या माळावरची आक्काबाई निवडून आली. माळ गावापासून लांब नव्हता, पण उंच होता. तिथली घरं एकेकाळी मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांची. आता मेंढरं थोडीच राहिली होती. कुणी ज्वारी काढायचं, कुणी कारखान्यावर जायचं, कुणी ट्रक चालवायचं. पाणी मात्र कालव्याच्या खालच्या विहिरीवरून डोक्यावरच चढायचं.

नळयोजनेची मोटर त्याच विहिरीवर बसली होती. गावठाणात नळ सुरू होऊन महिना झाला होता. माळावरची पाइपलाइन पुरली होती, तोट्या बसल्या होत्या, पण पाणी अजून चढलं नव्हतं. उपसरपंच आबाजींचं म्हणणं सरळ होतं. लाईट दिवसातून काही तासच असते. त्या वेळात मोटरीने गावाला पाणी द्यायचं की टेकाड चढायचं? डिसेंबरच्या मासिक बैठकीत त्यांनी ठरावच मांडला: माळावरची लाइन बंद करावी आणि तिचे पाइप काढून गावठाणाच्या नव्या आळीला घालावेत.

आबाजींच्या बाजूने हात जास्त होते. तेव्हा आक्काबाई म्हणाली, "सव्वीस जानेवारीला गावासमोर शेवटच्या नळाला पाणी न्हाय आलं, तर तुमच्या ठरावावर पयली सही माजी."

तसं इतिवृत्तात लिहिलं गेलं. म्हणूनच एवढी गर्दी होती. वर्षभरात पंचायतीने काय केलं हे ऐकायला लोक आले होते, पण त्याहून जास्त, माळावर पाणी येतं का हे बघायला.

अहवाल वाचायला सदस्या करुणा उभी राहिली. बौद्धवस्तीतली, बी.ए. झालेली. तिचा आवाज माइक नसतानाही ट्रॉलीपर्यंत पोचायचा.

"समाजमंदिराशेजारी अभ्यासिकेची खोली. काम पूर्ण."

"पंखा बसवा की!" मुलं ओरडली.

"आधी पुस्तकं उघडा, वारा आपोआप येईल," करुणा म्हणाली. "पडक्या चावडीची दुरुस्ती, नवे पत्रे. काम पूर्ण."

"गळतंय ना एका कोपऱ्यात," मागून आवाज आला.

"त्या कोपऱ्यात तुमी बसू नका, मामा." हशा पिकला. "अंगणवाडीची खोली, मधल्या आळीचं गटार, स्मशानभूमीचं शेड, बसथांब्यावर बाक."

प्रत्येक कामाला टाळ्या पडत होत्या. एका वर्षात एवढं काम गावाने आजवर पाहिलं नव्हतं आणि लोकांना ते ऐकताना स्वतःचंच कौतुक वाटत होतं. शेवटच्या कलमाशी करुणा थांबली. ग्रामसेवकाने तिथेही आधीच 'काम पूर्ण' लिहून ठेवलं होतं. आक्काबाईने ते सकाळी खोडायला लावलं होतं.

"बिरदेवाच्या माळावरील नळ," करुणा वाचू लागली आणि तिने आक्काबाईकडे पाहिलं.

"ते वर जाऊन वाचू," आक्काबाई उठत म्हणाली.

आबाजीही उठले. "चला सरपंचबाई. पण मी आधीच सांगतो, मेंढरं वळणं येगळं आन पाणी वळणं येगळं."

"मेंढरं तरी चढ चढत्यात, आबाजीराव. पाण्याला तुमच्यासारखं खालीच बरं वाटतं. त्याला मोटर लावावी लागती."

हसत, ढकलत, धूळ उडवत सगळी सभाच माळाकडे निघाली. पोरं पुढे पळाली. बायकांनी वाटेतल्या घरांतून घागरी उचलल्या. देवळासमोरच्या शेवटच्या नळाला झेंडूची माळ घातली होती, तोटीवर भंडारा उधळला होता. वस्तीतल्या बानूबाईने नव्या घागरीला चुना लावून खाली ठेवली होती. पहिलं पाणी बिरदेवाला, मग माणसांना, असं माळावर आधीच ठरलं होतं.

पंचायत समितीचे ओव्हरसियर सायकल ढकलत, घामाघूम होऊन पोचले. परवा त्यांनी चाचणी घेतली होती. पाणी वस्तीच्या अलीकडच्या टेकाडापर्यंत चढलं आणि तेवढ्यात लाईट गेली होती. आज लाईट होती. त्यांनी रुमाल हलवला. उतारावर उभ्या माणसाने तो पाहून खालच्या माणसाला हाक दिली, त्याने मोटरवाल्याला, आणि लांब विहिरीवर मोटरीचा आवाज सुरू झाला.

आक्काबाईने तोटी फिरवली.

नळातून वारा आला. मग खोकल्यासारखा आवाज. मग एक थेंब निघाला, तोटीच्या टोकाला लोंबकळला आणि पडला. पुढे काही नाही.

"येईल, येईल," ओव्हरसियर म्हणाले. "चढ आहे."

सगळे वाट बघत राहिले. खालून मोटर चालल्याचा आवाज येत होता. गावठाणाच्या नळाला धो धो पाणी आहे, असं एक पोरगं पळत येऊन सांगून गेलं. ओव्हरसियरनी वस्तीतला व्हॉल्व्ह तपासला. तो उघडाच होता. काय बिघडलंय ते त्यांनाच कळत नाहीये, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं.

"चार वाजता लाईट जाती," आबाजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता आणि तेच आक्काबाईला जास्त लागलं. "सरपंचबाई, माजं काई वैर न्हाय माळाशी. पण बोलणं झालंय."

"झालंय."

"मग ठराव हितंच घ्यायचा का खाली जाऊन?"

बानूबाईने घागर उचलून पदराआड घेतली. करुणा आक्काबाईजवळ सरकली. "आक्का, सायबांना अजून थोडा वेळ देऊ या. मी बोलते आबाजीरावांशी."

आक्काबाईचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती मान तिरपी करून टेकाडाकडे कान लावून उभी होती. कळपातलं एखादं करडू ओरडायचं थांबलं की उभी राहायची तशी.

"सायेब," ती म्हणाली, "परवा त्या टेकाडावर शिट्टी वाजत व्हती. माजी शेरडं बुजून पार ओढ्यात गेली. आज का वाजंना?"

ओव्हरसियर तिच्याकडे बघतच राहिले. "एअर व्हॉल्व्ह," ते म्हणाले. "लाइनीतली हवा तिथून बाहेर पडते. ती अडकली तर पाण्याला वाट मिळत नाही. वाजायला पाहिजे. आज वाजायलाच पाहिजे!"

"हवा व्हय ती?" गर्दीतून गेणबा पुढे आला. वस्तीतला सगळ्यात म्हातारा मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी. "ते गळत व्हतं, सायेब. फुसफुस करायचं आन पाणी थुकायचं. चांगलं पाणी मातीत चाललं व्हतं. मी केलं बंद."

"बंद केलं?"

"आसं केलं की आता बापजन्मात गळायचं न्हाय," गेणबा अभिमानाने म्हणाला. "लोकर कोंबली, वर डांबर, त्यावर धोंडा."

मग बानूबाई ओरडली, "आवो, तुमाला कुणी सांगितलं व्हतं!" ती गेणबाची बायको.

"थेंब थेंब वाया चालल्यालं बघत बसू?" गेणबाही ओरडला. "ह्या डोक्यावर पाणी चढवलंय मी, माज्या बापानं चढवलंय!"

आक्काबाई तोवर पळत सुटली होती. सरपंच पळते म्हटल्यावर गाव पळालं. लुगडं सावरत बायका, धोतराचे सोगे धरून म्हातारे, सायकल टाकून ओव्हरसियर. सगळ्यांच्या मागून गेणबा येत होता. "हळू, डांबर ओलं हाय!" तो बजावत होता.

टेकाडावरच्या विटांच्या लहानशा हौदात व्हॉल्व्ह होता. धोंडा दोघांनी हलेना. तिसरा हात आबाजींचा लागला तेव्हा हलला. खाली काळ्या डांबराचा गोळा. आक्काबाईने गेणबाच्या कमरेची कात्री मागितली, मेंढरं कातरायची. तिने डांबर खरवडलं आणि लोकरीची वात बोटांनी ओढायला लागली. लोकर निघत गेली, निघत गेली. बोळा एवढा घट्ट बसवला होता की ओव्हरसियरनाही कौतुक वाटलं.

शेवटचा पुंजका सुटला आणि शिट्टी वाजली.

परवापेक्षा मोठी. वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. आक्काबाईच्या हातातली लोकर उडून आबाजींच्या टोपीवर बसली. हवा सुसाट निघाली, मग हवेबरोबर पाण्याचा फवारा आला आणि हौदाभोवती वाकलेलं अर्धं गाव भिजलं. जानेवारीतलं गार पाणी. बायका किंचाळल्या आणि हसल्या. फवारा कमी होत होत थांबला. व्हॉल्व्ह आपोआप मिटला.

"मिटलं?" गेणबाने विचारलं.

"मिटणारच होतं, आजोबा," ओव्हरसियर म्हणाले. "हवा संपली की मिटतं."

"मग हे आदी सांगायचं की!"

तेवढ्यात देवळाकडून पोरांची आरोळी आली. मागे थांबलेली पोरं नळाभोवती नाचत होती. आक्काबाई पोचली तेव्हा तोटीतून आधी गढूळ, मग तांबूस आणि मग स्वच्छ पाणी पडत होतं, जाड धारेनं, झेंडूची माळ हलवत. बानूबाईने घागर लावली. ती भरली, पण तिने ती डोक्यावर घेतली नाही. तिथल्या तिथे वळून देवळाच्या पायरीवर रिती केली. पायऱ्यांवरच्या भंडाऱ्याने पाणी पिवळं होऊन वाहिलं. मग एकच गडबड उडाली. घागरी, कळशा, डबे, कुणाची टोपीसुद्धा नळाखाली आली.

आबाजींनी टोपीवरची लोकर काढली, झटकली. "करुणा," ते म्हणाले, "तुजं वाचन अर्धंच राहिलंय. सभा चालू हाय अजून."

करुणाने भिजलेला कागद वाऱ्यावर धरला. "बिरदेवाच्या माळावरील नळ," तिने पुन्हा वाचलं आणि पेन काढून आक्काबाईपुढे केलं.

आक्काबाईने रिकाम्या जागेत स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर सावकाश बसवत, 'काम पूर्ण' लिहिलं. "मंजूर?" तिने विचारलं.

माळभर हात वर झाले. काही हातांत भरलेल्या कळशा होत्या.

गेणबाचा हात तेवढा वर नव्हता. तो गर्दीतून वाट काढत नळाशी पोचला होता आणि दोन्ही हातांनी तोटी घट्ट आवळत होता.

"भरून झाल्यात ना घागरी?" तो सगळ्यांवर डाफरला. "मग चालू कशापायी ठिवलाय?"