तांदळाएवढा खटका

“मागं कुणी बोलू नका रे!” असं सगळ्यांत मोठ्यानं ओरडला तो इसोगाई न्हावीच. अंगात पांढरा डगला, खिशात कंगवा. गिऱ्हाइकाला तोंडाला फेस फासलेल्या अवस्थेत खुर्चीत सोडून तो रस्ता ओलांडून माझ्या गेम हॉलमध्ये आला होता. त्याच्या कोपराखालून तोकी आजी डोकावत होत्या. एरवी त्या नाणी ढकलायच्या यंत्रापुढून भूकंप झाला तरी उठत नाहीत.

सगळ्यांच्या पुढे, स्टुलावर, कुवाबारा-सान. डावा हात दांडीवर, उजव्या हाताची दोन बोटं बटणावर. पडद्यावर त्यांचं लाल विमान एवढंसं आणि वरून गोळ्यांचं हिमवादळ. पण ते विमान त्यातून असं सरकत होतं, जशी एखादी बाई लग्नघरच्या गर्दीतून कढत रश्श्याचं पातेलं घेऊन जाते आणि कुणाच्या अंगावर थेंब उडत नाही.

“वहिनी, बघताय ना?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

“बघतेय,” मी म्हटलं. खरं तर मी गल्ल्यावरची तीच राखदाणी चौथ्यांदा पुसत होते.

गुणांचा आकडा उलटला. सात वर्षांपूर्वीचा त्यांचा स्वतःचाच आकडा मागे पडला. इसोगाईनं आरोळी ठोकली, आजींच्या वाटीतली नाणी सांडली. कुवाबारा-सान उठले, वळले आणि कमरेत वाकले. माझ्यापुढे.

“यंत्र छान चाललंय, वहिनी.”

हे वाक्य ते रोज म्हणायचे. जिंकले तरी, हरले तरी. त्या शुक्रवारी मात्र ते ऐकून मी राखदाणी पाचव्यांदा पुसायला घेतली. कारण यंत्र आपलं आपण छान चाललं नव्हतं. मी त्याला हात लावला होता.

आमचं गाव चमचे-काट्यांचं. निइगाताच्या बाजूला येऊन कुणालाही विचारा. कुवाबारा-सान एकतीस वर्षं पॉलिशवाले. फिरत्या कापडी चाकावर चमचा धरायचा, आणि त्याचा आरसा झाला की नाही ते बोटांनी ओळखायचं. डोळ्यांत तर काळी धूळच असते. गेल्या शरदात त्यांच्या कारखान्याचं दार बंद झालं. मग आणखी दोन कारखान्यांचं. सुशीवाल्यानं दुकान गुंडाळलं, किमोनोवालीनं अर्धी जागा भाड्यानं दिली. आणि माझा गेम हॉल मात्र भरलेला. सगळ्या गल्लीत सुतक आणि एकट्या माझ्या दारात पाहुणे, असं झालं होतं. मला त्याची थोडी लाजही वाटायची.

पण मी तरी काय करू? गरम पाण्याच्या झऱ्यांवरची सहल राहिली, नवी गाडी राहिली, पोरीचं पियानोचं शिक्षण राहिलं; शंभर येनचं एक नाणं खिशात उरलं, ते घेऊन लोक माझ्याकडे यायचे. शेगडीची ऊब, बसायला स्टूल, कानात गोंगाट. शंभर येनमध्ये माणूस अजून कशाततरी तरबेज असू शकतो, असं दुकान गावात तेवढं एकच उरलं होतं.

ते दुकान मी काढलेलं नाही. नवरा गेला तेव्हा अकरा यंत्रं आणि किल्ल्यांचा जुडगा मागे ठेवून गेला. मला तेव्हा कुठली वायर कुठे जाते तेही ठाऊक नव्हतं. पुस्तकं वाचून आणि विजेचे झटके खाऊन शिकले. खेळता मला आजही येत नाही. माझं विमान पहिल्या ढगालाच पडतं. पण बटण अडकलं, दांडी ढिली झाली, पडदा फिकट झाला, असं एकोणीस वर्षांत माझ्या दुकानात कुणी म्हटलेलं नाही. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. मला एवढं पुरतं.

पूर्वी कुवाबारा-सान फक्त रविवारी यायचे आणि एका नाण्यात चाळीस मिनिटं खेळायचे. कारखाना बंद झाल्यावर रोज यायला लागले. रोज एकच नाणं, त्यांच्या बायकोनं, फुसाएनं, हातावर ठेवलेलं. आणि खेळ सातव्या मिनिटाला संपायला लागला. एकतीस वर्षं चाकाची थरथर धरून बसलेले हात, चाक थांबल्यावर स्वतःच थरथरायला लागले होते. खेळ संपला की ते शेगडीपाशी गार झालेला चहा घेऊन दुपारपर्यंत बसायचे. “यंत्र छान चाललंय, वहिनी.”

मला ते बघवेना.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी लाल विमानाच्या यंत्राची पाठ उघडली. आत पाटीवर तांदळाच्या दाण्याएवढे आठ खटके असतात. आकड्यानं त्यातला तिसरा खटका पलीकडे ढकलला. केसांतल्या आकड्यानं. गोळ्या एका पायरीनं हळू झाल्या. बस, एवढंच. कुणाच्या लक्षात येणार होतं? आपण पुण्य केलं असं वाटून त्या दिवशी मी कोपऱ्यावरून गोड पुरणाचा माशाच्या आकाराचा केक घेऊन एकटीनं खाल्लासुद्धा.

मंगळवारी खेळ वीस मिनिटं चालला, बुधवारी तीस. आणि शुक्रवारी हे असं.

पंचाईत पुढे होती. टोकियोहून एक मासिक निघतं, त्यात देशभरातल्या दुकानांमधले मोठे आकडे छापून येतात. अर्ज दुकानाच्या मालकानं भरायचा. ‘यंत्र बनवणाऱ्यानं दिलं तसंच ठेवलेलं आहे,’ असं त्यात लिहिलेलं असतं, आणि त्याखाली दुकानाचा शिक्का. तो शिक्का म्हणजे शपथच. सात वर्षांपूर्वी कुवाबारा-सान देशात तिसरे आले होते. तेव्हा गावाच्या नगराध्यक्षापेक्षा इसोगाईच जास्त दिवस छाती काढून फिरत होता.

तोच इसोगाई आता माझ्या खणातून अर्ज काढून आला. “मावशी, मारा शिक्का! या खेपेला पहिले!”

“पॅड वाळलंय.”

“माझं आणतो की!”

“तुझ्या पॅडला केस चिकटलेले असतात. सोमवारी बघू. नीट, स्वच्छ अक्षरात पाठवू.”

“सोमवारी अकराला टपाल निघतं, विसरू नका हं!”

शनिवारी फुसाए आली. मासळीबाजारातून थेट, अंगावर रबरी एप्रन, हातात चार डबे एकावर एक. झाकण उघडलं तर लाल भात. लाल चवळी घातलेला, वर तीळमीठ. आमच्याकडे हा भात बारशाला करतात, पोरगं शाळेत पास झालं की करतात. त्या घरात त्या हिवाळ्यात तो कुठल्या पैशांतून झाला असेल हे मला विचारायचं नव्हतं.

“सगळ्यांना वाट,” ती म्हणाली. “न्हाव्याला जरा कमी दे, तो खातो त्यापेक्षा जास्त बोलतो.”

“कशाला एवढं, फुसाए?”

“का नको? वर्तमानपत्र बंद केलं, बिअर बंद केली. हे नाणं बंद नाही केलं मी. सासूबाईंची बहीण म्हणते, बाई गं, असल्या दिवसांत खेळाला पैसे? म्हटलं, तुम्ही येऊन बसा माझ्या घरी. हा माणूस दिवसभर नळ पुसतो, कड्या पुसतो, डाव, उलथनी. माझ्याकडे चकाकायचं आता काही उरलेलं नाही!” ती हसली, मग डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. “काल घरी आला ना, तर दारातून हाक मारली मला. केवढ्या दिवसांनी.”

मी तो भात उभ्या उभ्याच खाल्ला. चांगला झाला होता. दुसरी वाटी मात्र घेतली नाही.

रविवारी मी दोनदा शिक्का हातात घेतला. टोकियोला काय कळणार होतं? कुणाचं काय जाणार होतं? पण त्या यंत्राचं असं आहे की वीज बंद केली की ते सगळे आकडे विसरतं. म्हणून प्रत्येक यंत्राशेजारी भिंतीवर मी कागद लावते, दहा ओळींचा, माझ्या हातानं लिहिलेला; नव्या वर्षाला नवा कोरा, सगळ्यांत वरची ओळ तेवढी जुन्यावरून उतरवते. माझ्या अक्षराशिवाय त्या आकड्यांना दुसरा पुरावा नाही. शुक्रवारचा आकडा मी अजून त्यावर चढवला नव्हता. हात जात नव्हता.

सोमवारी कुवाबारा-सान दहा वाजताच आले, बाकी कुणी यायच्या आत. बुटांवरचं बर्फ झटकलं.

मी म्हटलं, “कुवाबारा-सान, त्या यंत्राला मी हात लावला होता.”

त्यांनी हातमोजा एकेका बोटानं काढला. “गोळ्यांना. एका पायरीनं.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवशी, पहिल्या गोळीला. वहिनी, चमच्यावर केसाएवढा ओरखडा असला तर बोटाला लागतो माझ्या.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी हातमोजे शेगडीच्या कडेला वाळत ठेवले. “आधी वाटलं, यंत्र म्हातारं झालं असेल. म्हटलं, चला, सोबत झाली. मग कळलं, हे तुमचं काम. बुधवारी सांगणारच होतो. पण फुसाए म्हणाली, आज तोंडावर जरा रंग दिसतोय. मग म्हटलं, उद्या सांगू. शुक्रवारी आकडा असा वर जायला लागला, मागं एवढी माणसं... हात मागे घेता आला नाही. लाज वाटते.”

“लाज मला वाटायला हवी. दया आली मला.”

“यायचीच. पण मग एखादं बिस्कीट द्यायचं हो, चहाबरोबर. खेळात हात नाही घालायचा.”

मी मान खाली घातली. तेवढ्यात दार सरकलं. इसोगाई, त्याच्या मागे तोकी आजी. “मावशी, काढा शिक्का! पाऊण तास उरलाय!”

मी तोंड उघडायच्या आत कुवाबारा-सान म्हणाले, “तो आकडा बाद आहे, इसोगाई. यंत्र बिघडलेलं होतं.”

माझ्यासाठी बोलले ते. मी गप्प बसले असते तर सगळं तिथंच निभावलं असतं. पण ‘बिघडलेलं’ हा शब्द कानावर आला आणि माझा आवाज मलाच ऐकू आला.

“यंत्र बिघडलेलं नव्हतं! माझ्या दुकानात यंत्र बिघडत नाही. मी मुद्दाम सोपं केलं होतं. यांना न विचारता. चूक माझी.” आणि कपाळ गल्ल्याला टेकेपर्यंत वाकले.

यंत्रं तेवढी आपापल्या सुरात वाजत राहिली. इसोगाईचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता. हे गावात कुणी पाहिलेलं नसेल.

“सोपं करता येतं?” तोकी आजी म्हणाल्या. “मग एकोणीस वर्षं माझ्या यंत्राचं काय करत होतीस गं, मेले?”

पहिले हसले ते कुवाबारा-सान. मग इसोगाई पुटपुटला, “आणि तो लाल भात? मी तर दोन वाट्या खाल्ला.”

“परत मागत नाही,” कुवाबारा-सान म्हणाले. “फुसाएला मी सांगेन. तुझ्या दुसऱ्या वाटीचंही.”

मी अर्ज फाडला. सगळ्यांदेखत यंत्राची पाठ उघडली, वीज बंद केली, केसांतला आकडा काढून तिसरा खटका होता तिथे नेला. “आजी, तुम्ही बघा. बसला ना जागेवर?” त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आत डोकं घातलं आणि न्यायाधीशासारखी मान हलवली. पडदा काळा झाला, मग उजळला. यंत्र सगळं विसरलं होतं.

कुवाबारा-सान यांनी शेगडीवर हात चोळले, नाणं टाकलं आणि बसले.

दुसऱ्या टप्प्यावर तिनांपैकी एक विमान गेलं. तिसऱ्यावर दुसरं. आता शेवटचं. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. राखदाणी वगैरे काही हातात नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी खेळ धड पाहिला असेल. त्यांचा हात थरथरत होता आणि त्याबरोबर पडद्यावरचं विमानही. पण दोन गोळ्यांमध्ये जेवढी फट होती तेवढीच ती थरथर होती, त्याच्या बाहेर जात नव्हती. चौथा टप्पा पार झाला. इसोगाईनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. पाचव्याच्या मध्यावर एक गोळी चुकवली आणि दुसरी लागली.

अकरा मिनिटं.

कुणी टाळी वाजवली नाही. कुवाबारा-सान यांनी आकडा पाहिला, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या कागदावर वरून खाली बोट नेलं. सगळ्यांत वर त्यांचंच नाव, सात वर्षांपूर्वीचं. बोट खाली, आणखी खाली.

“नववा,” मी म्हटलं.

“नववा?” त्यांनी पुढे येऊन खात्री केली.

दहाव्या ओळीवर काट मारली तसा इसोगाई ओरडला, “अहो, तो माझा होता!”

“होता,” आजी म्हणाल्या.

मी कुंचल्याचं पेन घेतलं. आठव्या ओळीखालच्या फटीत नाव, आकडा लिहायला लागले.

“वहिनी, तारीखसुद्धा टाका.”

“टाकते.”

कुवाबारा-सान कागदासमोर पाय जुळवून उभे राहिले. कारखान्याच्या निळ्या कोटाची गळ्याशी असलेली गुंडी त्यांनी लावली, फोटो काढायला उभं राहताना लावतात तशी, आणि शाई वाळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.